न लिहिलेले 'सागरतीर'

छापून आलेल्या पुस्तकांची परीक्षणे आपल्याकडे पुष्कळ होतात. न लिहिल्या गेलेल्या पुस्तकाचे परीक्षण करण्याचा प्रघात नाही. तो मोडण्याची परवानगी मी या अंकाच्या वाचकांकडे मागतो. दिवाळीच्या दिवसांत वाचकाचे मन थोडे सैल असते, चकलीचा तुकडा मोडता मोडता तो लेखकाला चार आगळिका माफ करतो, हा माझा अनुभव आहे. शिवाय ज्या पुस्तकाविषयी मला बोलायचे आहे ते अगदीच हवेतले नाही. त्याचे नाव ठरलेले होते, लेखक ठरलेला होता, विषय तर त्या लेखकाने जगून संपवलेला होता. फक्त ते लिहायचे राहिले.

यशवंतराव चव्हाणांनी आपले आत्मचरित्र तीन खंडांत योजिले होते. पहिला 'कृष्णाकाठ', दुसरा 'सागरतीर' आणि तिसरा 'यमुनाकाठ'. म्हणजे कराड, मुंबई आणि दिल्ली. 'कृष्णाकाठ' १९८४ साली निघाला. त्याच्या आदल्या वर्षी, जून महिन्यात, वेणूताई गेल्या होत्या, आणि १९८४ च्या २५ नोव्हेंबरला यशवंतरावही गेले. उरलेले दोन खंड त्यांच्याबरोबर गेले.

आता 'कृष्णाकाठ' कुठे संपतो पाहा. देवराष्ट्र्याला आजोळी जन्मलेले, बाप लहानपणी गेलेले एक पोर, विठाईसारखी आई, कराडची शाळा, १९३२ सालची अठरा महिन्यांची शिक्षा, येरवड्याच्या बराकीत आचार्य भागवतांच्या सहवासात झालेले वाचन, वकिली, १९४२ च्या जूनमध्ये लग्न आणि ऑगस्टमध्ये भूमिगत. डोक्यावर हजार रुपयांचे इनाम. पोलिसांना नवरा सापडेना म्हणून त्यांनी नवी नवरी पकडली. लग्नानंतरची पहिली संक्रांत वेणूताईंनी कोठडीत काढली. त्याच काळात थोरले भाऊ वारले. पुढे १९४३ च्या मे महिन्यात आजारी पत्नीला भेटायला यशवंतराव फलटणला गेले आणि तिथे पकडले गेले. सुटका, निवडणूक, आणि १९४६ साली पार्लमेंटरी सेक्रेटरी म्हणून मुंबईकडे प्रयाण. पुस्तक संपले.

पुस्तक इथे संपते आणि माझी तक्रार इथून सुरू होते. बंडखोर जिथे सरकारच्या दारात पाऊल टाकतो तिथेच दार लागते. आतले काही दिसत नाही. मुंबईच्या ज्या गृहखात्याने काही महिन्यांपूर्वीपर्यंत सातारा जिल्ह्यात माणसे हुडकली, त्याच खात्याचे पार्लमेंटरी सेक्रेटरी म्हणून तो माणूस खुर्चीवर बसला. पहिल्या दिवशी त्या कचेरीत जुन्या कागदांचा एखादा गठ्ठा त्याने मागवला असेल काय? आपल्याच नावाचा? शिपायाने लवून नमस्कार केला तेव्हा अंगावर काटा आला की गंमत वाटली? कादंबरीकाराला हे प्रश्न पडतात. माझ्या शिक्षणाची मजल मॅट्रिकपर्यंत. इतिहासाच्या पंडितांपुढे बोलण्याचा अधिकार मला नाही. परंतु माणूस एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जाताना उंबरठ्यावर त्याचा चेहरा कसा होतो हे पाहणे हा आमचा धंदा आहे, आणि या उंबरठ्यावर मराठी वाङ्मयाने दिवा लावलेला नाही, असे माझे म्हणणे आहे.

हे एकट्या यशवंतरावांपुरते असते तर मी लेख लिहिला नसता. सातारा-सांगलीच्या त्या मुलखातून बेचाळीसमध्ये जी माणसे रानात शिरली त्यांतली कितीतरी पुढे मुंबईच्या विधिमंडळात आणि दिल्लीत जाऊन बसली. १९६० च्या १ मे रोजी महाराष्ट्र राज्य झाले, त्याचा पहिला मुख्यमंत्री भूमिगत राहून आलेला होता. १९७७ साली मुख्यमंत्री झालेल्या वसंतदादा पाटलांच्या खांद्याने पोलिसांची गोळी खाल्लेली होती. २४ जुलै १९४३ रोजी सांगलीचा तुरुंग फोडून ते आणि त्यांचे साथीदार बाहेर पडले, तेव्हाची ती गोळी. अण्णासाहेब पत्रावळे आणि बाबुराव जाधव त्या दिवशी जिवानिशी गेले. वसंतदादा जखमी होऊन पुन्हा सापडले आणि १९४६ पर्यंत आत राहिले. किसन वीर १९४४ साली येरवड्यातून निसटले होते. ते पुढे खासदार झाले. क्रांतिसिंह नाना पाटील दोनदा लोकसभेवर गेले, १९५७ ला साताऱ्यातून आणि १९६७ ला बीडमधून. वाळव्याचे नागनाथअण्णा नायकवडी आणि कुंडलचे जी. डी. बापू लाड, ज्यांनी धुळ्याचा सरकारी खजिना लुटण्यात भाग घेतला, तेही विधिमंडळात बसले. एवढी माणसे! आणि त्यांच्या स्थित्यंतराची एक कादंबरी नाही.

वाचक म्हणतील, वाङ्मय कसे नाही? आहे की. मान्य. बेचाळीसवर पोवाडे आहेत, चरित्रे आहेत, गौरवग्रंथ तर विचारू नका. बापू लाडांची 'एक संघर्षयात्रा' आहे. अण्णाभाऊ साठ्यांची 'वारणेच्या खोऱ्यात' त्या रानातल्या माणसांना कादंबरीत घेऊन येते, आणि तिच्यातला वेग आजही वाचकाला दम खाऊ देत नाही. दुसऱ्या टोकाला अरुण साधूंची 'सिंहासन' आहे, १९७७ सालची. तिच्यात मंत्रालय आहे, मुख्यमंत्री आहे, त्याची खुर्ची ओढणारा अर्थमंत्री आहे, आणि हे सगळे पाहून पाहून आतून थकत गेलेला दिगू टिपणीस आहे. जब्बार पटेलांच्या चित्रपटामुळे ती घरोघरी पोचली. मी ती पुन्हा पुन्हा वाचतो. पण दर वेळी एक गोष्ट खटकते. त्या पुढाऱ्यांचे आजचे डाव साधू इतक्या बारकाईने दाखवतात की ही मंडळी मंत्रालयातच जन्मली असावीत असे वाटू लागते. त्या पिढीतल्या अनेकांच्या पायांना कधीकाळी उसाच्या पाचटाने ओरखडे काढले होते, भाकरीसाठी त्यांनी परक्या दारावर हलकी थाप मारली होती, याचा वास त्या पानांना येत नाही. साधूंना तो यायला हवा होता असे नाही. त्यांचा विषय निराळा होता. पण एका बाजूला अण्णाभाऊंचे रान आणि दुसऱ्या बाजूला साधूंचे मंत्रालय, आणि मधला रस्ता कोणी चाललेच नाही. मला तर शंका येते की आपल्या मनानेच ही सोय करून ठेवली आहे. रानातला माणूस देव करून ठेवायचा, मंत्रालयातला चोर म्हणून ठेवायचा, आणि दोघे एकच होते हे कोणी सांगू लागले की विषय बदलायचा.

शंकर पाटलांची 'टारफुला' मात्र या विषयाच्या जवळून जाते. तिच्यात स्वातंत्र्याची चळवळ नाही, परंतु गावातला पाटील गेल्यावर पडलेली सत्तेची पोकळी कशी भरते आणि ती भरणाऱ्या माणसाचे काय होते, हे तिच्याइतके निर्दयपणे मराठीत कोणी लिहिले आहे, मला आठवत नाही. मी माझ्या होतकरू लेखकमित्रांना सांगतो, राजकीय कादंबरी लिहायची असेल तर वर्तमानपत्रे नंतर वाचा, आधी 'टारफुला' वाचा.

प्रतिसरकार म्हणजे काय, हे नव्या पिढीसाठी दोन ओळींत सांगितले पाहिजे. १९४२ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात सातारा जिल्ह्यात मामलेदार कचेऱ्यांवर मोर्चे निघाले. वडूजला ९ सप्टेंबरला आणि इस्लामपूरला दुसऱ्या दिवशी गोळीबार झाला, माणसे पडली. निःशस्त्र मोर्चाने भागत नाही असे अनेकांना वाटले आणि पुढच्या वर्षापासून गावोगाव दुसरा कारभार उभा राहिला. भांडणे मिटवायची न्यायमंडळे निघाली, थोडक्या खर्चात गांधी-विवाह लागले, दारूवर आणि सावकारीवर बंदी आली. कुंडलच्या बाजूला तुफान सेना उभी राहिली. १९४३ च्या ७ जूनला शेणोलीजवळ तिने रेल्वेगाडी अडवून सरकारी पैसा काढून घेतला. आणि खबऱ्यांना, गुंडांना शिक्षा झाल्या; तळपायांवर फटके बसले. लोकांनी 'प्रति'चे 'पत्री' केले, आणि त्या एका अक्षराच्या फरकात सामान्य माणसाचा दरारा, थट्टा आणि अभिमान तिन्ही भरलेले आहेत.

हा शेवटचा भाग, शिक्षांचा, गौरवग्रंथांत घाईघाईने आटोपला जातो. मला तोच महत्त्वाचा वाटतो. आमच्या जोगेश्वरीला सातारा-सांगलीकडची वस्ती बरीच आहे. वर्गात एकदा शेणोलीच्या गाडीची हकीकत सांगत होतो. सांगणे रंगले होते. तेवढ्यात मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, "सर, मग ते पुढे मंत्री झाल्यावर कुणी गाडी लुटली तर त्यांनी काय केलं असतं?" वर्ग हसला. मी त्याला सांगितले की परक्याचे राज्य आणि आपले राज्य यांत फरक आहे. उत्तर बरोबर होते आणि परीक्षेत त्याला पूर्ण गुण मिळाले असते. तो बसला, पण त्याचे समाधान झालेले नव्हते, आणि हे मास्तराला पाठ वळवूनसुद्धा कळते. आपले राज्य कुठले आणि परक्याचे कुठले हे ठरवायचे कोणी, हा त्याचा पुढचा प्रश्न होता. तो त्याने विचारला नाही एवढेच.

कारण महाराष्ट्राला हा प्रश्न प्रत्यक्षात पडला, आणि तोही स्वराज्य मिळून दहा वर्षे व्हायच्या आत. १९५५ च्या २१ नोव्हेंबरला फ्लोरा फाउंटनला गोळीबार झाला. पंधरा माणसे मेली. पुढच्या जानेवारीत मुंबईत पुन्हा गोळ्या चालल्या. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याचे हुतात्मे १०६ झाले. सरकार मोरारजी देसायांचे होते, आणि त्या मंत्रिमंडळात यशवंतराव चव्हाण मंत्री होते.

'सागरतीर' लिहिले गेले असते तर त्याचे मधले प्रकरण हे असते. वडूज आणि इस्लामपूरची बातमी ऐकून ज्याचे रक्त उसळले, तेराच वर्षांनी आपल्याच माणसांवर गोळ्या चालवणाऱ्या सरकारात तो बसला आहे. त्याने राजीनामा दिला नाही. का दिला नाही? मी यशवंतरावांचा वकील नाही आणि त्यांच्यावर खटलाही भरीत नाही. 'कृष्णाकाठ' लिहिणारा माणूस खोटे लिहिणारा नव्हता, म्हणूनच ते पान माझ्या मनात डाचते. पंडित नेहरूंचे मन वळवल्याखेरीज मुंबई मिळणार नाही, मन वळवायचे तर आत राहिले पाहिजे, असे गणित त्यांनी मांडले असेल. मुंबई शेवटी मिळाली, तेव्हा ते गणित सुटलेही म्हणायचे. परंतु गणित सुटत असताना वहीच्या समासात जी खाडाखोड होते ती आत्मचरित्रात शोधायची असते. उत्तर आम्हाला पाठ आहे.

इथे फलटणचा योगायोग मला गप्प बसू देत नाही. कादंबरीत मी तो रचला असता तर संपादकांनी काट मारली असती. १९४३ साली यशवंतराव फलटणला पकडले गेले, कारण आजारी पत्नी त्यांना पक्षशिस्तीपेक्षा जवळची वाटली. १९५५ च्या डिसेंबरात ते पुन्हा फलटणला होते, संस्थानिक राजेसाहेबांकडे, आणि तिथून त्यांनी जाहीर केले की नेहरू आणि संयुक्त महाराष्ट्र यांत निवड करायची पाळी आली तर आपण नेहरूंच्या बाजूला राहू. अवघा महाराष्ट्र त्यांच्यावर तुटून पडला. एकाच गावात एकदा मनाचे ऐकले आणि एकदा धोरणाचे. की दुसऱ्या वेळीही मनाचेच ऐकले? 'कृष्णाकाठा'त पहिले फलटण आहे, आणि ते फार सुंदर उतरले आहे. दुसरे 'सागरतीरा'त यायचे होते.

आणि जुने सोबती कुठे होते? बहुतेक समोरच्या बाजूला. नाना पाटील कम्युनिस्ट पक्षात गेले होते आणि संयुक्त महाराष्ट्र समितीच्या व्यासपीठांवरून बोलत होते. १९५७ च्या निवडणुकीत सातारा जिल्ह्याने जुन्या प्रतिसरकारच्या पुढाऱ्याला लोकसभेवर धाडले, आणि द्वैभाषिकाचे मुख्यमंत्री असलेले यशवंतराव कराडला थोडक्या मतांनी वाचले. त्याच वर्षीच्या ३० नोव्हेंबरला प्रतापगडावर शिवाजीमहाराजांच्या पुतळ्याचे अनावरण करायला नेहरू आले तेव्हा वाटेवर समितीची प्रचंड निदर्शने झाली. बंदोबस्त मुख्यमंत्र्यांच्या सरकारचा होता. ज्या डोंगरांतल्या वाटा एकेकाळी दोघांनी मिळून पोलिसांपासून लपवल्या त्याच डोंगरात एक बंदोबस्ताच्या आत आणि दुसऱ्याची माणसे बंदोबस्ताच्या बाहेर. नाटककाराला याहून काय हवे? आमच्या रंगभूमीला शिवकालाखेरीज दुसरा काळ दिसत नाही. असो, तो वेगळ्या लेखाचा विषय आहे.

नाना पाटलांविषयी थोडे थांबून लिहिले पाहिजे, कारण या कथेतला मोठा माणूस ते आहेत आणि ते मंत्री कधीच झाले नाहीत. १९०० साली येडे मच्छिंद्रला जन्म, तलाठ्याची नोकरी, ती १९३० साली सोडली. भूमिगत असताना आई वारली तर पोलिसांच्या नजरा चुकवून कराडला येऊन अग्नी दिला. १९४६ पर्यंत सापडले नाहीत. त्यांच्याजवळ बंदुकीहून जबर हत्यार होते ते म्हणजे बोलणे. शेतकऱ्याच्या घरातली भाषा, मध्येच एखादी चावट कोपरखळी, आणि ऐकणाऱ्या बाईमाणसाला आपल्या भावाने सांगावे तसे सांगणे. कारभाराला हे बोलणे चालत नाही. कारभाराला टिपणी लागते. नाना टिपणीचे माणूस नव्हते. यशवंतराव बोलतही आणि टिपणीही लिहीत. वसंतदादा फारसे शिकलेले नव्हते, पण कोणत्या गावातला कोणता माणूस कशाने राजी होतो हे त्यांना टिपणीशिवाय पाठ असे. माझा तर्क असा की भूमिगत जीवनाने या लोकांना राज्य चालवण्याची एक शाळाच काढून दिली. कोणावर विश्वास ठेवायचा, किती सांगायचे आणि कुठे गप्प बसायचे, उपाशी माणसाला आधी जेवायला घालायचे आणि मग काम सांगायचे, हे धडे त्यांनी रानात गिरवले. यशवंतरावांच्या बेरजेच्या राजकारणाचे कौतुक होते. विरोधकाला आपल्यात मिळवून घ्यायची ती विद्या. एका रात्रीत शंभर घरांपैकी कोणते घर दार उघडील हे ज्याला ओळखावे लागले त्याला ती विद्या अवघड गेली नसेल. तोटाही त्याच शाळेतला. चार विश्वासू माणसांनी बंद दाराआड ठरवायचे आणि बाकीच्यांना निरोप धाडायचा, ही सवय एकदा लागली की सुटत नाही. रानात ती जीव वाचवते.

साखर कारखान्यांकडे याच नजरेने पाहावे. सांगलीचा कारखाना वसंतदादांचा, वाळव्याचा नागनाथअण्णांचा, कुंडलचा बापू लाडांच्या नावाचा, भुईंजचा किसन वीरांच्या नावाचा. मुंबईत बसून 'साखरसम्राट' म्हणून नाक मुरडणे सोपे असते, आणि पुढच्या पिढ्यांनी त्याला पुरेशी कारणेही दिली. परंतु सावकाराला फटके मारून सावकारी जात नाही, उसाला भाव मिळाला तर जाते, हे ज्यांना उमगले ते काही मूर्ख नव्हते. वाळव्याच्या कारखान्याला नागनाथअण्णांनी स्वतःचे नाव दिले नाही. त्याचे नाव 'हुतात्मा किसन अहीर'. किसन अहीर आणि आझाद हिंद सेनेतून आलेले नानकसिंग हे दोघे १९४६ च्या फेब्रुवारीत वारणेच्या खोऱ्यात पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडले.

फेब्रुवारी १९४६. तारखा शाळेत मी मुलांकडून पाठ करून घेतो आणि मुले त्यांना कंटाळतात. परंतु ही तारीख मी वहीत दोनदा अधोरेखित केली आहे. त्याच हंगामात मुंबई प्रांताच्या विधानसभेची निवडणूक झाली. तिच्यात यशवंतराव निवडून आले. म्हणजे एकाच जिल्ह्यात, एकाच चळवळीतली माणसे, आणि एकीकडे मतपेटी तर दुसरीकडे चकमक. कोणाला आपण आज मंत्री होणार हे कळत होते आणि कोणी डोंगरात अजून मरत होते. मी कादंबरी लिहायची ठरवली तर या दोन महिन्यांतच लिहीन. यशवंतरावांनी 'कृष्णाकाठ' इथेच आणून थांबवला यामागे नुसती खंडांची सोय होती असे मला वाटत नाही. नदीकाठची गोष्ट सांगताना सगळे सोबती बरोबर असतात. पुढच्या गोष्टीत ते एकेक करून गळायला लागतात, आणि तीही सांगायची तर हात जड होतो.

बाहेरच्या जगात हे काही निराळे घडले नाही. आयर्लंडमध्ये डॅन ब्रीन या बंदूकवाल्याने लढाई संपते न संपते तोच, १९२४ साली, आपल्या लढाईचे पुस्तक लिहून टाकले. नंतर १९३२ पासून १९६५ पर्यंत तो तिथल्या लोकसभेत बसला. आपल्याच देशात मिझोरमला लालडेंगांनी वीस वर्षे बंड केले, १९८६ साली करार केला, त्याच वर्षी ते मुख्यमंत्री झाले आणि पुढच्या वर्षी मिझोरम राज्य झाले. त्यांचे रानातले सहकारी झोरामथंगा पुढे कितीतरी वर्षे मुख्यमंत्री होते. आणि मुंबईत पाहायचे तर नरिमन पॉइंटला यशवंतराव चव्हाण प्रतिष्ठानची इमारत ज्या रस्त्यावर आहे त्याचे नाव जनरल जगन्नाथराव भोसले मार्ग. आझाद हिंद सेनेतले सावंतवाडीकडचे हे सेनानी स्वतंत्र भारतात पुनर्वसन खात्याचे उपमंत्री झाले. व्याख्यान ऐकायला त्या सभागृहात जाणाऱ्या किती जणांनी ती पाटी वाचली असेल?

गोव्याचे मात्र उलटे झाले आणि ते सांगितल्यावाचून राहवत नाही. आझाद गोमंतक दलाच्या लोकांनी पोर्तुगीजांच्या पोलीस ठाण्यांवर हल्ले केले. मोहन रानडे १९५५ साली बेतीच्या ठाण्यावर जखमी होऊन पकडले गेले. १९६१ साली गोवा मुक्त झाला तरी ते पोर्तुगालच्या तुरुंगातच राहिले. सुधीर फडक्यांसारख्या माणसाने, हो, आपल्या बाबूजींनीच, त्यांच्या सुटकेसाठी धडपड केली, आणि १९६९ साली ते सुटले. तोवर गोव्यात निवडणुका होऊन मुख्यमंत्री झाले होते भाऊसाहेब बांदोडकर, खाणमालक, लोकप्रिय आणि दानशूर. रानड्यांना कोणी खुर्ची दिली नाही आणि त्यांनी मागितली नाही. ते समाजकार्य करीत राहिले आणि २०१९ साली वारले. त्यांचे 'सतीचे वाण' 'कृष्णाकाठा'शेजारी ठेवून वाचावे. एकात दार उघडण्याआधीची गोष्ट आहे, दुसऱ्यात दार उघडले तेव्हा घरी नसलेल्या माणसाची.

अच्युतराव पटवर्धनांना तर दार उघडे होते. साताऱ्याच्या लोकांनी ज्यांना दैवत मानले, तीनचार वर्षे जे ब्रिटिशांना सापडले नाहीत, ते १९५० साली राजकारणातून उठून गेले, आणि परतले नाहीत. या माणसावर तरी कादंबरी व्हावी! पण आमचे कादंबरीकार पेशव्यांकडून परत येतील तेव्हा.

आणि बायका. हा परिच्छेद मी शेवटाकडे ठेवला, कारण या सगळ्या वाङ्मयातही त्या शेवटाकडेच येतात. नाना पाटलांची कन्या हौसाताई स्वतः चळवळीत होत्या. तुरुंगात असलेल्या सोबत्यांसाठी त्या गोव्यात गेल्या, आणि परतताना रात्रीच्या वेळी लाकडी पेटीचा आधार घेऊन मांडवी ओलांडली. कासेगावच्या इंदुताई पाटणकरांनी सोळाव्या वर्षी घर सोडले. विधिमंडळात गेलेल्यांची यादी मी वर दिली. ती पुन्हा वाचून पाहा, तिच्यात बाईचे नाव एक नाही. ज्या घरांनी रात्री दार उघडले तिथे उठून चूल पेटवणारी बाई होती, आणि उघडले हे दुसऱ्या दिवशी पोलिसांपासून लपवणारीही तीच होती. आमच्या शेजारी वाळवे तालुक्यातल्या एक आजी राहात. त्यांना मी एकदा विचारले, "आजी, तुमच्याकडे कोण कोण जेवून गेलं?" त्या म्हणाल्या, "नाव इचारायचं न्हाई असंच ठरल्यालं. भाकरी वाढायची नि तोंडाकडं बघायचं न्हाई. म्हंजे मार बसला तरी सांगायला काय नगो." पुढे कोणी मंत्री झाला तेव्हा ओळखलेत का, असे विचारल्यावर आजी बराच वेळ तांदूळ निवडत राहिल्या आणि म्हणाल्या, "आवाजावरनं वाटायचं."

'कृष्णाकाठा'ची शैली साधी आहे. मी तिला आलंकारिक पुस्तकांच्या वर ठेवतो. यशवंतरावांना वाङ्मयाची खरी आवड होती, 'ऋणानुबंधा'तल्या लेखांत ती दिसते, पण आत्मचरित्रात त्यांनी ती लपवली हे बरे केले. १९३२ साली ते तुरुंगात असताना एका शिक्षकांनी माफी मागून सुटून जाण्याचे सुचवले, आणि विठाईंनी ते साफ नाकारले. तो प्रसंग वाचताना मास्तर म्हणून मला शरम वाटते आणि वाचक म्हणून आनंद. एक निरक्षर बाई शिकलेल्या माणसाला धडा देते, आणि लेखक त्यावर एक शब्दही भाष्य करीत नाही. असे लिहिणाऱ्या माणसाने १९५५ लिहिले असते तर ते कसे लिहिले असते, याचा अंदाज त्या पानावरून येतो. भाष्य न करता लिहिले असते. गोळीबाराच्या रात्री घरी आल्यावर वेणूताई जाग्या होत्या काय, काही बोलल्या काय, एवढेच लिहिले असते. इस्लामपूरच्या गोळीबारात पडलेल्या पंड्या नावाच्या तरुण इंजिनियरची त्या रात्री आठवण झाली काय, तेही एका ओळीत आले असते.

ते लिहिणारे आता कोणी उरलेले नाही. बापू लाड २०११ साली गेले, नागनाथअण्णा त्यांच्यामागोमाग २०१२ साली, हौसाताई २०२१ साली. आठवणी सांगणाऱ्यांचे काम संपले, म्हणजे रचणाऱ्यांचे सुरू व्हायला हरकत नाही. कराड, कुंडल, वाळवे, तासगाव, या गावांतल्या तरुण लेखकांकडे मी डोळे लावून आहे. त्यांच्या आज्या-पणज्यांनी तोंडाकडे न पाहता वाढले. नातवंडांनी आता तोंडाकडे पाहून लिहावे, आणि आजोबा मंत्री होते की हुतात्मा होते याचा विचार करून हात आखडता घेऊ नये. प्रकाशक मिळाला नाही तर मला कळवा. जोगेश्वरीच्या या मास्तराची प्रकाशकांच्या दारात बसून राहण्याची सवय जुनी आहे.